मोहन्याच्या पंचक्रोशीतील पाला, कडधान्ये आणि हृदयाचे आरोग्य

मोहने म्हटले की ठाणे जिल्ह्यातील माणसास प्रथम आठवतो तो रेयॉनचा कारखाना. उल्हास नदीच्या काठचा हा कारखाना अनेक दशके चालला व २००९ साली बंद पडला. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज घ्यावयाचे, ते रसायनांत विरघळवावयाचे आणि त्याचा रेशमासारखा धागा काढावयाचा, असे तेथील काम होते. आंबिवली स्थानकावर उतरून या कारखान्याकडे जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामगारांस सेल्युलोज हा शब्द नवा नाही. हेच सेल्युलोज आपण माठाच्या देठातून, वालाच्या सालीतून आणि नाचणीच्या कोंड्यातून रोज थोडेबहुत खात असतो. माणसाला ते पचत नाही, म्हणून पुष्कळ वर्षे त्यास निव्वळ चोथा समजून बाजूस टाकण्यात आले. आहारशास्त्राचा अभ्यास जसजसा वाढला, तसतसे असे दिसून आले की वनस्पतींतील हा चोथा, त्यातील क्षार, रंगद्रव्ये व इतर बारीकसारीक द्रव्ये हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या आरोग्याशी निकट संबंध ठेवून असतात.

मोहने आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तरी अटाळी, वडवली, बल्याणी, उंभर्णी, टिटवाळा या बाजूस अद्याप भाताची खाचरे आहेत, पावसाळ्यात रानभाजीचे वाटे बाजारात येतात आणि पुष्कळांच्या घरामागे अळूचे चार कांदे असतात. त्यामुळे या प्रश्नाचा विचार शेतकऱ्यापुरता किंवा शहरवासीयापुरता वेगळा करता येत नाही. एकाच घरातील एक भाऊ खाचरात व दुसरा लोकलमध्ये, अशी येथील परिस्थिती आहे.

हृदयविकार हा बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसाचा रोग, अशी समजूत खेड्यांत अजून आढळते. ती सोडून द्यावयास हवी. ५२ देशांतील रुग्णांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यामागील नऊ प्रमुख बाबी निश्चित करण्यात आल्या. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, पोटाची वाढ, मनावरील ताण आणि शारीरिक श्रमांचा अभाव या त्यांपैकी होत. रोजच्या आहारात फळे व भाज्या नसणे ही गोष्टही त्या यादीत होती. याच पाहणीतून असेही दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांच्या मानाने सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो. पन्नाशीच्या आसपासचा हा काळ. मुलाचे शिक्षण चालू आहे, मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, अशा वेळी घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री अंथरुणास खिळणे म्हणजे काय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास सांगावयास नको. (तंबाखूचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. विडी वाईट हे पुरुष मान्य करतात. परंतु घरोघरी स्त्रिया दातांस लावतात ती मशेरीही तंबाखूच होय, हे कोणी बोलत नाही.)

पित्तरस, वाल आणि बांधावरची तूर

वनस्पतींतील द्रव्ये हृदयाला उपकारक ठरतात ती कशी, हे समजून घेण्यास कडधान्यांपासून सुरुवात करणे सोपे जाते. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. जेवणानंतर ती आतड्यात उतरतात, स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतात आणि काम आटोपल्यावर बहुतेक सर्व पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परत जातात. पाटाने शेतात सोडलेले पाणी झिरपून पुन्हा विहिरीतच यावे, तसा हा प्रकार असतो. आता आहारात विरघळणारा चोथा असला, म्हणजे भेंडीत किंवा शिजलेल्या वालात जो बुळबुळीतपणा जाणवतो तशा जातीचा, तर तो या पित्ताम्लांपैकी काही धरून ठेवतो व शौचावाटे बाहेर नेतो. विहिरीतले पाणी कमी पडते. मग नवीन पित्ताम्ले करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते आणि रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस थर धरणारे अपायकारक कोलेस्टेरॉल त्या प्रमाणात उतरते. त्याच आतड्यात वनस्पतींतील स्टेरॉल नावाची द्रव्येही काम करीत असतात. त्यांची घडण कोलेस्टेरॉलसारखीच असल्याने ती त्याची जागा अडवितात व त्याचे शोषण कमी करतात. डाळी, तीळ, शेंगदाणे यांत ती असतात.

प्रौढ माणसाला दर २००० कॅलरींच्या आहारामागे सुमारे ३० ग्रॅम चोथा मिळावा असे सांगितले जाते. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात तो तीन ग्रॅमच्याही आत असतो. तेवढ्याच नाचणीत सुमारे ११ ग्रॅम आणि अख्ख्या कडधान्यांत साधारण १५ ते २५ ग्रॅम असतो. हे आकडे पाहिले की भाताच्या मुलखाची अडचण ध्यानी येते. आपले ताट भाताने भरते आणि त्याबरोबर येणारे वरण पातळ असते. पूर्वी घरचे भात उखळात सडले जाई तेव्हा कोंड्याचा काही भाग दाण्यास चिकटून राही. गिरणीत पांढरेशुभ्र करून आणलेल्या तांदळात तो राहत नाही. गिरणीवाल्यास एकच हात कमी द्यावयास सांगणे, हा यावरील बिनखर्चाचा उपाय होय.

येथे कडव्या वालाचा विचार मुद्दाम करावयास हवा. भातकापणी होताच खाचरातील उरलेल्या ओलीवर वाल टाकावयाचे आणि पुढे एकही पाणी न देता माघ-फाल्गुनात शेंग धरावयाची, ही ठाणे-रायगडची जुनी रीत आहे. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात, त्यामुळे पुढच्या भातासही लाभ होतो. पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धक चोळावे. परंतु मोहन्याच्या आजूबाजूस कापणीनंतर कित्येक खाचरे मोकळीच पडून राहतात. वालाची रीत कोणी विसरलेले नाही. भात निघाले की गुरे मोकाट सुटतात, आणि एकट्याने वाल पेरला तर तो गुरांसाठीच पेरल्यासारखे होते, हे त्याचे खरे कारण आहे. आसपासच्या दहा-बारा शेतकऱ्यांनी एकत्र बसून गुरे राखण्याचे ठरविले तरच हा प्रश्न सुटतो, आणि अशी बैठक घडवून आणणे हे कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा अधिक उपयोगाचे काम आहे. बांधावर तूर लावण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

वालाचे बिरडे सोलूनच खातात व सालीतील चोथा गुरांना जातो, अशी शंका कोणी घेईल. ती खरी आहे. परंतु सोललेल्या डाळिंब्यांतही विरघळणारा चोथा पुरेसा असतो, आणि सालीसकट कडू बिरडे खावयास घालून कोणाचेही हृदय प्रसन्न होईल असे वाटत नाही. वाल भिजवून, मोड आणून व पूर्ण शिजवूनच खावेत. कच्च्या वालात अपायकारक अंश असतो व तो अशा रीतीने बऱ्याच अंशी निघून जातो.

मीठ आणि त्याचा प्रतिस्पर्धी

रक्तदाब वाढला की हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते व मेंदूतील रक्तवाहिन्यांसही धोका पोचतो. मिठातील सोडियम रक्तदाब वाढविण्यास कारण होते. वनस्पतींतील पोटॅशियम त्याच्या उलट कार्य करते. मूत्रपिंडाकडून सोडियम बाहेर टाकविते व रक्तवाहिन्या सैल होण्यास साहाय्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसास ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे आणि निदान साडेतीन हजार मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात पोटॅशियम जेमतेम १०० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच माठात किंवा पालकात ते ५०० मिलिग्रॅमच्या आसपास व कोरड्या कडधान्यांत बहुधा त्याहूनही पुष्कळ अधिक असते. भाजी नसली की भात लोणच्याबरोबर, पापडाबरोबर किंवा खाऱ्या मासळीबरोबर उरकला जातो. म्हणजे ज्या दिवशी पोटॅशियम कमी, त्याच दिवशी मीठ जास्त.

या दोहोंच्या तोलाचे महत्त्व किती, हे चीनमधील खेड्यांत झालेल्या एका प्रयोगावरून दिसते. तेथील ६०० गावांतून, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा उच्च रक्तदाब असलेल्या वयस्क लोकांची निवड करण्यात आली. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ व निम्म्यांना चौथा हिस्सा पोटॅशियमयुक्त मीठ देऊन सुमारे पाच वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे दुसऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. तसे मीठ आपल्याकडेही मिळते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना व रक्तदाबावरील काही औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे असल्याने डॉक्टरांस विचारल्याखेरीज आणू नये. परसातल्या माठाचा मार्ग सामान्यतः त्याहून सुरक्षित आहे.

हिरव्या पाल्याचे आणखी एक कार्य आहे. पाल्यातील नायट्रेट लाळेत उतरते, जिभेवरील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सैल होण्याचा इशारा देतो. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे वाचून माठास युरिया अधिक द्यावा असे मात्र कोणी समजू नये. जादा नत्राने पाला लुसलुशीत होतो, किडीस बळी पडतो व लवकर सडतो. नेहमीच्या मात्रेत वाढलेल्या पाल्यात नायट्रेट पुरेसे असते. जांभूळ, करवंद, लाल माठ व वांग्याची साल यांतील गडद रंगद्रव्येही रक्तवाहिन्यांस हितकारक असावीत असे अभ्यास सांगतात. बदलापूरची जांभळे हंगामात खावीत, परंतु बाराही महिने त्यांच्या चूर्णासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

पुड्या आणि गोळ्यांबद्दल

हे थोडे कडक शब्दांत सांगणे भाग आहे. गुणकारी द्रव्य पाल्यातून वेगळे काढून गोळीत भरले की तोच गुण अधिक मिळेल, ही कल्पना सरळ वाटते, पण ती पारखून पाहिली गेली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. गाजराला व पाल्याला गुण देणाऱ्यांपैकीच हे एक द्रव्य. १९९४ साली जे निष्कर्ष बाहेर आले त्यांत गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हृदयासही फायदा दिसला नाही. अमेरिकेतील तशाच एका प्रयोगात हानी दिसू लागल्यावर तो १९९६ साली मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. पानात शेकडो द्रव्ये एकत्र असतात, चोथ्यात गुंतलेली असतात व सावकाश शोषली जातात. एकट्या द्रव्याच्या मोठ्या मात्रेस तो नियम लागू पडत नाही. आठवडी बाजारात ‘हृदयाच्या नसा साफ करणारी’ पुडी विकावयास येते तेव्हा ही हकीकत लोकांस जरूर सांगावी.

शेवळे ते वैशाख

रानभाज्यांच्या बाबतीत ठाणे जिल्हा भाग्यवान आहे. मृगाच्या आगेमागे, पहिल्या सरींबरोबर शेवळे निघतात. त्यांतील सुईसारख्या स्फटिकांनी घसा खवखवतो म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच घालून शिजविण्याची रीत आहे, आणि हे ज्ञान ठाकूर-कातकरी बायकांकडून शिकावे असे आहे. त्यापाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी व श्रावणाच्या सुमारास करटोली येतात. घोळ तर भाजीच्या वाफ्यात आपोआप उगवते. जवसात किंवा अक्रोडात आढळणारे ओमेगा-३ जातीचे मेदाम्ल ज्या थोड्या पालेभाज्यांत चांगल्या प्रमाणात असते त्यांत घोळीची गणना होते. आपण मात्र निंदणीत ती उपटून बांधावर फेकतो, किंवा तणनाशक मारून आधीच नाहीशी करतो, आणि ओमेगा-३ लिहिलेली बाटली शहरातून आणतो. (मुतखड्याची तक्रार असणाऱ्यांनी घोळ बेताने खावी. तणनाशक मारलेल्या शेतातील कोणतीही रानभाजी खाऊ नये.)

आषाढ-श्रावणात जे ताट हिरवे असते ते पौषानंतर पांढरे होत जाते. रानातील पाला संपतो. वाफ्यातील माठ, मेथी, भेंडी निघते ती पहाटेच्या गाडीने कल्याणच्या बाजारात जाते, कारण रोख पैसा तेथे आहे. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. जुडीमागे मिळणाऱ्या चार रुपयांची किंमत लेखकास ठाऊक आहे. तथापि भाजी पिकविणाऱ्याच्या घरी उन्हाळ्यात भाजी सर्वांत कमी शिजते, ही वस्तुस्थिती पुष्कळ घरांतून दिसते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसास ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. पाच माणसांच्या घरास भाजीच रोज दोन किलो झाली. हा आकडा ऐकून कोणी हात टेकू नयेत. त्यातील पाल्याचा भाग तरी घरचा कसा होईल ते पाहू. माणशी १०० ग्रॅम धरला तर रोज अर्धा किलो पाला हवा. माठ चौरस मीटरला साधारण एक किलो उतरतो व पेरणीपासून सुमारे २५ ते ३० दिवसांत काढणीस येतो. तेव्हा दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद असे चार वाफे करावेत आणि दर आठवड्यास एकच वाफा पेरावा. चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून टाकले म्हणजे दाट पडत नाही. पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्यास एक वाफा, म्हणजे सुमारे चार किलो पाला हाती येऊ लागतो. वाटा धरून सर्व मिळून अर्धा गुंठाही जागा लागत नाही. चारही वाफे एकाच दिवशी पेरण्याची चूक जवळजवळ प्रत्येक परसबागेत होते. मग एका आठवड्यात भाजी गुरांना घालावी लागते व पुढे महिनाभर वाफे कोरडे राहतात. कुंपणाला शेवगा असावा. त्याची पाने भर उन्हाळ्यातही मिळतात.

पिकविलेले चुलीपाशी वाया जाऊ नये म्हणून एवढे सांभाळावे की पाला आधी धुवावा व मग चिरावा, चिरून पाण्यात ठेवू नये, आणि उकळून पाणी ओतून देऊ नये. पोटॅशियम, फोलेट व नायट्रेट ही सर्व पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. शेवळे, रानअळू अशा खवखवणाऱ्या भाज्यांना हा नियम लावू नये. तेथे जुनी रीतच बरोबर आहे.

कोणी जपावे

हृदयाची झडप बदललेल्या व त्यामुळे वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम ही रक्त गोठू न देणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांनी पालेभाजी एकाएकी वाढवू अथवा बंद करू नये. पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे व डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाला व कडधान्ये किती खावीत हेही डॉक्टरच ठरवतील. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर माठ खाल्ला म्हणून ती सोडावयाची नसते. आणि छातीत दडपण येऊन ते हाताकडे किंवा जबड्याकडे सरकू लागले, घाम फुटला, तर काढा करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी मिनिटांचा हिशेब असतो.

पाणी कोठले?

आतापर्यंतचे सर्व विवेचन पाला स्वच्छ जागी वाढला असे धरून केले. मोहन्याच्या परिसरात तसे धरून चालता येत नाही. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेला आहे, उल्हासच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा थर वारंवार पसरतो, आणि मुंबईच्या उपनगरांत लोहमार्गाच्या कडेने नाल्याच्या पाण्यावर वाढविलेल्या पालेभाज्यांची तक्रारही जुनी आहे. सांडपाण्यातील जंतू धुण्याने व शिजविण्याने बऱ्याच अंशी जातात. कारखान्यांच्या सांडपाण्यात शिसे किंवा कॅडमियम असले तर ते मुळांवाटे पानात शिरते आणि मग कितीही धुतले तरी निघत नाही. शिसे रक्तदाब वाढविते. शिसे व कॅडमियम या दोहोंचा हृदयरोगाशी संबंध असल्याचे आता मान्य झाले आहे. म्हणजे ज्या पानाने रक्तवाहिनी सैल व्हावी, तेच पान तिला ताठ करणारे द्रव्य घेऊन ताटात यावे, असा प्रकार संभवतो. घेणाऱ्यास जुडीकडे पाहून यातले काही कळत नाही. पिकविणाऱ्याला मात्र आपल्या इंजिनाचा पाइप कोठे सोडला आहे हे ठाऊक असते.

पाने हे धातू सर्वांत अधिक साठवितात. फळांत व शेंगांत ते सामान्यतः कमी उतरतात. म्हणून विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे चांगले पाणी थोडे असेल तर ते पालेभाजीस राखून ठेवावे. ज्या तुकड्यास नाल्याखेरीज पाणी नाही, तेथे खाद्यपीक न घेता झेंडू किंवा मोगरा घ्यावा. कल्याण-दादरच्या फुलबाजारांमुळे त्यास गिऱ्हाईक मिळते. जमीन आंबट असेल तर माती परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे चुना घालावा. आम्लता कमी झाली की पिकात कॅडमियम कमी शिरते. भरपूर कुजलेले शेणखतही धातू धरून ठेवण्यास उपयोगी पडते. माती तपासावयास देताना नत्र, स्फुरद व पालाश यांबरोबर जड धातूंची तपासणी होऊ शकते काय, हे प्रयोगशाळेस विचारावे आणि पाण्याचा नमुनाही बरोबर न्यावा. बाटली तीन वेळा त्याच पाण्याने विसळून मग भरावी, आणि पावसाळ्यातील वाहत्या पाण्यावर भरवसा न ठेवता तो नमुना चैत्र-वैशाखात, पात्र आटलेले असताना, घ्यावा.